रोपांखालची पुस्तकं

राजमतीबाईंचं पत्र चैत्रात आलं आणि श्रावण लागला तरी मी उत्तर दिलेलं नव्हतं. पाकिटात गावरान मिरचीचं बी होतं आणि दोनच ओळी: ‘रुजलं की कळवा. रोपं बघायला येईन.’

ग्रंथालयात आम्ही वर्षानुवर्षं समोरासमोरच्या टेबलांवर बसलो. निवृत्तीनंतर त्या नेसरीला भावाकडे गेल्या, मी कसबा बावड्यातल्या या फ्लॅटमध्ये राहिलो. त्यांना सांगायचं ते मी कधी सांगितलं नाही. आता रोपं आली की त्या येणार होत्या.

मृगात निम्मं बी ट्रेमध्ये पेरून खिडकीत ठेवलं. समोर नव्या इमारतीची भिंत, वर भरलेलं आभाळ. कोंब फुटले, पण उजेडाकडे माना ताणत दोऱ्यासारखे लांबले आणि एका सकाळी आडवे पडले. हे त्यांना कसं लिहायचं? लिहिलं तर त्या कशाला येतील?

मग वाचायला घेतलं. कोवळ्या रोपांना उजेड जवळून आणि दिवसभर लागतो, रात्री मात्र अंधार हवा. माझ्या टेबलावरच्या फळीखाली ट्यूबलाइट आहे, ती काही खाली येईना. म्हणून उरलेलं बी पेरून ट्रेच वर चढवला. खाली शब्दकोशाचे खंड रचले, ट्यूब चार बोटांवर येईल इतके. रोपं वाढतील तसा एकेक खंड काढत गेलो. आपलं कुठेतरी चुकतच असणार, असं रोज वाटायचं.

शेजारच्या संयोगिताला पत्राचं ठाऊक होतं. ती दूध द्यायला आली आणि बघतच राहिली.

“रोपास्नी पुस्तकं वाचायला दिलीसा व्हय, काका?”

“उजेडासाठी आहे ते.”

“चार जगल्यात की. आन बुंध्यालाबी जाड हायत. कळवलासा का त्या बाईस्नी?”

“फुलं आली की कळवीन म्हणतो.”

“व्हय की. फुलं येऊ द्यात, मिरच्या लागू द्यात, ठेचा झाला की कळवा. तवर त्या बसत्यात वाट बघत.”

ती हसत गेली. मला हसता आलं नाही. त्या वाट बघत असतील, हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

त्याच दुपारी लिहिलं: ‘पहिली रोपं माझ्या हातून गेली. आता चार आहेत. फुलतील का, सांगता येत नाही. तरी तुम्ही या. मला तुम्हाला बघायचं आहे.’

शेवटचं वाक्य खोडावंसं वाटलं, म्हणून पाकीट लगेच चिकटवलं. पोस्टाच्या पेटीत ते अर्धं सरकवून थांबलो, पत्ता पुन्हा वाचला आणि आत सोडलं.