पद्मिनीचा पेट्रोल पाईप

सुगतनं सही द्यायला नकार दिला नव्हता. त्यानं अट घातली होती, आणि ती अट पंचशीलाला नकारापेक्षा जास्त लागली.

गाडी १९८६ची पद्मिनी. वडिलांची, ग्यानोबा डॉक्टरांची. ते जनावरांचे डॉक्टर. किनवटच्या जंगलातल्या गावांपासून लोह्यापर्यंत त्यांची नोकरी याच गाडीत झाली. ज्या घरांत त्यांना पाणी वरून ओंजळीत मिळायचं, त्याच घरांतली माणसं लग्नसराईत नवरदेवासाठी गाडी मागायला यायची. डॉक्टर त्यांना चहा पाजायचे आणि गाडी द्यायचे नाहीत. "ही तुमच्या बैलांसाठी हाय, नवरदेवासाठी न्हाई," एवढंच म्हणायचे.

डॉक्टर गेल्या वर्षी वारले. गाडी लातूरला पंचशीलाच्या दारात उभी होती, पण कागदावर अजून त्यांचीच. नावावर करून घ्यायला नांदेडच्या धाकट्या भावाची, सुगतची, संमती लागत होती. अशात एक दिवस गाडीखाली पेट्रोलचा ओघळ दिसला आणि बोलता बोलता तिनं तो सुगतला सांगून टाकला.

"ताई, ती गाडी न्हाई, चूल हाय," सुगत फोनवर म्हणाला. "पेटंल एखाद दिवशी. मी भंगारवाल्याशी बोललोय."

"मी न्हाई बोलले."

"मग असं कर. पंधरा दिवसांनी रविवार हाय. बाराच्या आत गाडी माझ्या दारात आण. टेम्पोवर घालून न्हाई, तिच्या तिच्या चाकांवर. आली तर सही. न्हाई आली तर भंगार."

"कागद तयार ठेव," पंचशीला म्हणाली आणि फोन ठेवला.

औसा रोडवरच्या गुरुबसप्पा मिस्त्रींनी गाडीखाली जाऊन रबरी पाईपचा तुकडा ओढून आणला. तो बोटाला चिकटत होता. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं; जुन्या रबराला ते सोसत नाही. मिस्त्रींनी खिळ्याला टांगलेल्या गुंडाळीतून पारदर्शक प्लास्टिकचा पाईप काढला आणि कात्री घेतली.

"थांबा मामा. हा कशाला?"

"दिसतंय ना मॅडम ह्याच्यात. पेट्रोल येऊन राहिलं का न्हाई, डोळ्यानं कळतं. तीस वर्षं हाच टाकतो."

"तीस वर्षं पेट्रोल हेच होतं का?"

मिस्त्रींनी कात्री खाली ठेवली. पंचशीला कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं सहायक होती. बाटलीत बघितल्याशिवाय तिचा कशावर विश्वास बसत नसे. तिनं पारदर्शक पाईपचा तुकडा मागून घेतला. बाजारातून साधा काळा रबरी पाईप आणला. तिसरा ठसठशीत इंग्रजी छपाईचा, दुकानदारानं इम्पोर्टेड म्हणून दिलेला. चौथा मुरुडहून. तिथं तिचा जुना विद्यार्थी दयानंद गाड्यांचे सुटे भाग विकत होता. त्यानं फ्युएल-इंजेक्शनच्या नव्या गाड्यांना लागतो तो, आतून वेगळ्या रबराचं अस्तर असलेला पाईप दिला. चारही तुकडे मोजून, पंपावरचं पेट्रोल भरलेल्या घट्ट झाकणाच्या चार बाटल्यांत बुडवले आणि कॉलेजच्या मागच्या उघड्या शेडमध्ये ठेवले.

"पाईपची परीक्षा घेऊन राहिल्या," मिस्त्री गॅरेजमधल्या सगळ्यांना सांगायचे.

"लातुरात पोरांची दर आठवड्याला परीक्षा होते, मामा. पाईपची एकदा झाली तर काय बिघडलं?"

आठव्या दिवशी तिनं बाटल्या गॅरेजात नेल्या. प्लास्टिक पिवळं पडलं होतं आणि वाकवल्यावर काडीसारखं मोडलं. काळा रबरी तुकडा फुगला होता आणि गाडीच्या नळीवर सैल बसत होता. इम्पोर्टेडची छपाई पेट्रोलमध्ये उतरली होती आणि तळाशी काळा भुगा साचला होता. चौथा तुकडा होता तसा होता. मापात फरक नाही. मिस्त्रींनी तो दाताखाली धरून बघितला.

एकच अडचण होती. तो पाईप आठ मिलिमीटरचा, पद्मिनीची नळी सहाची.

"क्लिप आवळून देतो," मिस्त्री म्हणाले.

"आवळली की घडी पडणार. घडीतून गळणार. सहाचाच पाहिजे."

"मॅडम, रविवार तोंडावर आलाय."

"माझ्यासाठीच आलाय."

दयानंदनं सहाचा मागवला. तो शनिवारी दुपारी आला. पंचशीलानं लागणाऱ्या मापापेक्षा वीतभर जास्त घेतला. संध्याकाळी मिस्त्रींनी पाईप बसवून गाडी दारात आणून लावली.

रविवारी सकाळी सहाला तिनं बॉनेट उघडलं. पंप आणि कार्बोरेटर यांच्या मधोमध चार बोटं पारदर्शक प्लास्टिक चमकत होतं. तिनं तिथूनच फोन लावला.

"मामा, हे काय?"

"तेवढी एक खिडकी ठेवली, मॅडम," मिस्त्रींच्या आवाजात झोप होती. "बाकी सगळा तुमचाच. पेट्रोल चढलेलं तुम्हाला दिसावं म्हणून."

"मोडलेल्या प्लास्टिकची बाटली बघितली ना तुम्ही?"

"बघितली की. पण हात ऐकत न्हाई."

"माझा ऐकतो," ती म्हणाली. पदर खोचला, स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि ती खिडकी काढून टाकली. उरलेल्या वीतभरातून तुकडा कापून बसवला, क्लिप घडी पडणार नाही इतपतच आवळली, गाडी पाच मिनिटं चालू ठेवली आणि प्रत्येक सांध्यावर कागद फिरवून बघितला. कागद कोरडा. निघायला साडेसात झाले.

अहमदपूर गेलं. लोह्याला तिनं गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं. चहाच्या टपरीवरनं एकानं विचारलं, "बंद पडली का, बाई?"

"न्हाई. चालू हाय म्हणून बघून राहिले."

सांधे कोरडे होते. साडेअकराला ती सुगतच्या फाटकासमोर थांबली.

सुगत बाहेर आला. आधी त्यानं रस्त्यावर टेम्पो कुठं दिसतो का ते बघितलं. मग बॉनेट उघडायला लावलं, वाकून वास घेतला, खाली रुमाल फिरवला. रुमाल पांढराच राहिला.

"आली खरी," तो म्हणाला. "पण परत जाईल का? लातूरला पोचली की फोन कर. मग सही."

पंचशीलानं बॉनेट लावलं, आत जाऊन बसली आणि किल्ली काढून मुठीत घेतली. पद्मिनी फाटकाला आडवी होती. आत सुगतची नवी गाडी. दारात मनिषा, त्याची बायको, चपला घालून तयार. बिलोलीला माहेरी जेवायला जायचं होतं.

"ताई, काय करून राहिलीस?"

"बसले."

"आम्हाला निघायचंय."

"निघा की."

"अगं, गाडी आडवी हाय तुझी."

"माझी म्हणतोस ना? तेच लिहून दे."

मनिषा पदर तोंडाला लावून हसली. "अहो, करा सही. आई ताटं घेऊन बसली असंल."

सुगत पाच मिनिटं फाटकाशी उभा राहिला. पंचशीलानं काच खाली करून पर्समधली पाण्याची बाटली काढली आणि सावकाश पाणी प्यायली. तो आत गेला, कागद घेऊन आला, भिंतीवर टेकवून सही केली आणि खिडकीतून तिच्या मांडीवर टाकला.

तिनं कागद पहिल्या ओळीपासून वाचला.

"तारीख टाक," ती म्हणाली.

त्यानं टाकली. मग तिनं गाडी मागं घेतली.