वारसाची जागा

सकाळच्या पाळीला निघण्याआधी बाबा दाढी करत होते. आरशावरून नजर न हलवता ते थोरलीला म्हणाले, "तुझा जन्माचा आणि शाळेचा दाखला एका पाकिटात घालून ठेव. लागतील."

"कशाला?"

"लागतात कधीतरी."

आईने एकदम भांडी घासायला घेतली. ती घासून झालेलीच होती. थोरलीच्या मनात पाल चुकचुकली.

कागद गिरणीच्या त्या वसाहतीत दाखले कधी लागतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गिरणीने कित्येक वर्षांत नवा कायम माणूस घेतला नव्हता. घ्यायचे ते आठ महिन्यांसाठी. मग घरी बसवायचं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून. कायम जागेची वाट एकच उरली होती. बाप नोकरीत असताना मेला किंवा निकामी झाला, तर एका वारसाला घेत. समोरच्या बॉयलरवाल्या काकांचा उजवा हात निवृत्तीला तीन महिने असताना पट्ट्यात गेला. त्यांचा मुलगा कायम झाला, त्याचं लग्नही झालं. "पोराचं कल्याण केलं हो," असं लोक म्हणत. अपघात म्हणताना मात्र कोणी कोणाच्या डोळ्यांत बघत नसे.

थोरली सत्तावीस वर्षांची, पॅकिंगमध्ये सहाव्यांदा हंगामी. धाकटी अजून शाळेत, म्हणजे वारस ही एकटीच. दुरुस्ती विभागातल्या फिटरशी तिचं लग्न ठरून चार वर्षं झाली होती. तोही हंगामीच. घरमालक खोली द्यायला कायम नोकरीचं पत्र मागत. "एकजण तरी कायम होऊ दे," असं म्हणता म्हणता दोघांच्या बोलण्यातला उत्साह आटला होता. आताशा ते भविष्याबद्दल बोलायचे ते दुसऱ्या कोणाच्या भविष्याबद्दल बोलावं तसे.

जेवणाच्या सुट्टीत तिने फिटरला गाठलं. "बाबांचं कागद कापायचं मशीन ठीक आहे ना?"

तो बराच वेळ डब्याचं झाकण लावत राहिला. "पात्यापुढची जाळी मी दोनदा बसवली. दोन्ही वेळा काढलेली सापडली."

"मला का नाही बोललास?"

"वाटलं, कागद अडकत असेल." मग तो खाली बघत म्हणाला, "खोटं बोलतोय मी. बोलायचं टाळलं."

ती त्याच्यावर चिडलीही नाही. चिडण्याइतकी ताकद उरली नव्हती.

संध्याकाळी आईने काही लपवलं नाही. "दोन बोटं म्हणाले गं. पुढच्या महिन्यात, निवृत्तीच्या आत. आधी मी पाया पडले त्यांच्या. मग तुझं वय डोळ्यांपुढे आलं, आणि गप्प बसले." तिने पदराने तोंड पुसलं. "आईने गप्प बसावं का? पण बसले."

बाबांना समजावण्यात अर्थ नव्हता. ते 'हो' म्हणाले असते आणि करायचं ते केलंच असतं. दुसऱ्या दिवशी थोरली गिरणीच्या कचेरीत गेली.

"वडिलांच्या जागेवरचा हक्क सोडायचाय. आत्ताही आणि पुढेही," ती कारकुनाला म्हणाली.

कारकुनाने चष्मा वर सरकवला. "जागा मागायला येतात लोक. सोडायचा नमुनाच नाही आमच्याकडे."

"पांढऱ्या कागदावर लिहिते."

"बाई, नंतर पस्तावशील."

"शिक्का तेवढा मारून द्या."

शिक्का मारलेली प्रत तिने घरी बाबांसमोर ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली. "तुला द्यायला माझ्याकडे एवढंच होतं," ते म्हणाले.

"ते नको होतं मला, बाबा."

"मग करशील काय?"

"लग्न. दोघं हंगामी तर हंगामी. घर मिळत नाही तोवर इथेच राहू, दाटीवाटीने."

बाबा उठून बाहेर गेले. आठ दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत, पण मशीनवरची जाळी पुन्हा निघाली नाही. वसाहतीत मात्र जो तो बोलू लागला. दारात आलेली लक्ष्मी लाथाडली, बापाचा अपमान केला, फाजील शहाणी. नळावर बायका तिला वाट करून देत, पण शब्द बोलत नसत. महिनाअखेरीस तिचे आठ महिने संपले आणि ती घरी बसली. तिने बरोबर केलं की चूक, हे तिलाही रोज सकाळी नव्याने ठरवावं लागे.

अशाच एका दुपारी बॉयलरवाल्या काकांचा कायम झालेला मुलगा दारात येऊन उभा राहिला. आत येईना.

"तू लिहून दिलंस ते मला सुचलं नाही," तो म्हणाला. "मला ठाऊक होतं. त्या सकाळी बाबा निघाले, तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं होतं. आता त्यांना आई भरवते. मी घरात जेवत नाही."

सांत्वन करावं, तर ते खोटं झालं असतं. थोरलीने कोपऱ्यातली खुर्ची पुढे ओढली.

"बस, दादा. या वर्षी कोणाकोणाचे वडील निवृत्त व्हायचेत, ते सांग. त्यांच्या पोरांकडे आपण दोघं जाऊ."

तो उंबरठ्यावर घुटमळला, मग चपला काढून आत आला. पहिलं नाव त्याने बसायच्या आधीच सांगितलं. ते त्याच्या सासऱ्यांचं होतं.