धाकटीचा प्रवेश

“हे पात्र दुसऱ्या कुणाला तरी देते,” मी म्हटलं, तर धाकटीने सरळ मान हलवून नाही म्हटलं. वर्ग सुटला होता, फळा पुसायचा राहिला होता, आणि ती पुस्तक छातीशी धरून माझ्या टेबलापाशी उभी होती.

शाळेच्या शेवटच्या वर्षी हौसेने जास्तीचं इंग्रजी घेणारी मोजकी मुलं माझ्या वाट्याला येतात. त्यांना मी दरवर्षी एकच जुनी इंग्रजी शोकांतिका शिकवते. म्हातारा राजा तीन मुलींना राज्य वाटायला निघतो, गोड बोलता येत नाही म्हणून धाकटीला हाकलून देतो आणि शेवटी तिचंच प्रेत हातांवर घेऊन येतो. प्रत्येकाला एकेक पात्र वाटून आम्ही नाटक मोठ्याने वाचतो. ज्याचं पात्र मरेल त्याने बाकावर डोकं टेकायचं आणि घंटा होईपर्यंत हूं की चूं करायचं नाही, हा माझ्या वर्गाचा नियम. शेवटच्या अंकात निम्मा वर्ग आडवा होतो. शेजारचे भूगोलाचे सर मग दारातून विचारतात, “काय बाई, आज कितीजणांना संपवलंत?”

धाकटीची थोरली बहीणही माझ्याच हाताखालून गेली होती. तिच्याकडे दुष्ट बहिणीचं काम होतं आणि मरताना तिने इतकं कण्हून घेतलं की शेवटी मी म्हटलं, आटप गं बाई, आम्हाला घरी जायचंय. सगळा वर्ग हसला होता. यंदा दिवाळीच्या सुट्टीत साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती खरोखरच गेली.

म्हणून मला धाकटीला यातून सोडवायचं होतं. नाटकातल्या धाकटीचं पात्र तिच्याकडे आलं होतं ते सुट्टीच्या आधी. तेव्हा कुणाला काय माहीत होतं?

“घरी आई दिवसभर रडते,” ती म्हणाली. “बाबा रडलेच नाहीत, बाई. दोन दिवसांत कामावर गेले. ताईचं नाव काढलं की उठून बाहेर जातात.”

“काही माणसं आतल्या आत रडतात गं,” मी म्हटलं. म्हणताना ते मलाच पोकळ वाटलं.

“मला काय कळणार आतलं?” ती पुस्तकाकडे बघत राहिली. “बाप मुलीसाठी कसा रडतो ते मला एकदा ऐकायचंय. मी गेले असते तरी ते असेच कामावर गेले असते का, हेच सारखं मनात येतं.”

मी फळा पुसायला घेतला.

राजाचं काम भोंग्याकडे होतं. आवाजामुळे त्याला पहिलीपासून हेच नाव पडलेलं. त्याला मी बाजूला घेऊन, जरा बेताने वाच रे, असं बजावलं. मी काय येडा आहे का बाई, असं म्हणून तो गेला.

तो प्रवेश शेवटच्या तासाला आला. धाकटीने हातांची घडी घालून त्यावर डोकं टेकलं. पुस्तकात तिथे राजाचा नुसता आक्रोश आहे. भोंग्याने सुरुवात खरोखरच बेताने केली, पण तिच्या वेणीकडे त्याचं लक्ष गेलं आणि त्याचा आवाज फाटला. असला टाहो मी त्या वर्गात कधी ऐकला नव्हता. भूगोलाचे सर धावत दाराशी आले आणि तसेच परत गेले.

धाकटीचे खांदे हलायला लागले. मेलेल्याने हलायचं नसतं याची आठवण तिला कुणीही करून दिली नाही. मुलगी अजून श्वास घेतेय असं राजाला क्षणभर वाटतं, ती ओळ भोंग्याने तिच्या हलणाऱ्या पाठीकडे बघत वाचली. मला पुस्तकातलं काही दिसेनासं झालं.

घंटा झाली. मुलं चपला न वाजवता निघून गेली. धाकटी उठली नाही, मीही तिला उठवलं नाही.

बऱ्याच वेळाने तिचे वडील दारात आले. ते लिफ्ट दुरुस्त करतात. थोरली गेल्यापासून रोज हिला न्यायला यायचे, पण फाटकाबाहेरच थांबायचे. आज ती आली नाही म्हणून जिने चढून आले होते, त्यांना धाप लागली होती.

“काय झालं हिला?”

“काही नाही. नाटकात ती मेली आहे. घंटेपर्यंत उठायचं नाही असा आमचा नियम आहे.”

“घंटा तर कधीच झाली.”

“हो,” मी म्हटलं. “राजाने फार आक्रोश केला तिच्यासाठी. तिला तो ऐकायचा होता.”

ते आत येऊन भोंग्याच्या बाकावर कसेबसे मावून बसले. ग्रीसचे डाग पडलेला हात त्यांनी आधी शर्टाला पुसला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. ती हलली नाही. त्यांनी चष्मा काढून बाकावर ठेवला, थोरलीच्या नावाने एकदाच हाक मारली आणि स्वतःही डोकं बाकावर टेकलं.

मी दार हळूच ओढून घेतलं. शिपाई किल्ल्या घेऊन येत होते. त्यांना म्हटलं, आधी बाकीच्या खोल्या बंद करून या.