कोरडी फरशी

सफरचंदाची साल एका अखंड पट्टीत उतरली पाहिजे असा काही कायदा नाही. पण मापाड्याने त्या रविवारी सकाळी तो स्वतःवर लागू करून घेतला होता. साल अखंड उतरवायची तर माणसाला मान खाली घालून बसावं लागतं, आणि मान वर केली की समोरच्या खुर्चीत बायको दिसत होती. बायकोचा उजवा हात कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"सोलताय की ऑपरेशन करताय?" बायको म्हणाली. "चार सफरचंदांना अर्धा तास. ती आली की तिच्यापुढे काय साली ठेवू?"

"होतंय गं."

ती म्हणजे काचवाली. दुकानांच्या काचांवर अक्षरं काढायची, म्हणून काचवाली. पंधरा वर्षांपूर्वी ती बायकोच्या हाताखाली ब्रश धरायला शिकली आणि आता चार माणसं हाताखाली ठेवून होती. साडेनऊला ती टेम्पो घेऊन येणार होती आणि बायकोची शिडी घेऊन जाणार होती. उसनी नव्हे, कायमची.

बायको अठ्ठावीस वर्षं पाट्या रंगवत होती. दवाखाने, शाळा, लाँड्र्या, एक बंद पडलेलं थिएटर. अर्ध्या गावाला आपण कुठे उभे आहोत हे तिच्या अक्षरावरून कळायचं. त्यातली बहुतेक अक्षरं जमिनीपासून दहा-बारा फुटांवर होती, त्यामुळे तिचा धंदा म्हणजे निम्मा ब्रश आणि निम्मी शिडी. ती लाकडी शिडी आता बाहेरच्या खोलीत दाराशी पुसूनबिसून उभी होती, पाठवणीला तयार झालेल्या मुलीसारखी.

आणि हे सगळं कशामुळे, तर मापाड्याच्या तीन शब्दांमुळे.

मापाडी हे त्याचं गल्लीतलं नाव. एकोणतीस वर्षं तो वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होता आणि खात्यात त्याची ख्याती अशी, की हा माणूस चहा पिणार नाही आणि पंधरा ग्रॅम सोडणार नाही. तागडीच्या तळाला चिकटवलेलं मेण त्याला वासावरून कळायचं. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी त्याला सत्याचा पुतळा म्हटलं होतं. पुतळ्याने तेव्हा मान डोलावली होती.

तर तीन आठवड्यांपूर्वीच्या एका गुरुवारी या पुतळ्याने दुपारी तीन वाजता स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं. डॉक्टरांनी त्याचं गोड बंद केलं होतं, तळलेलंही बंद केलं होतं. सफरचंदाच्या घड्या म्हणजे दोन्ही गुन्हे एका पारीत. बायको त्या दर रविवारी न्याहारीला करायची. मैद्याची पारी, आत परतलेलं सफरचंद, दुमडून घडी करायची, काठ दाबायचे आणि तळायच्या. आल्यागेल्याला दोन-दोन आणि मापाड्याला अर्धी. एकोणतीस वर्षं कमी माप देणाऱ्यांना पकडणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात अर्धी! फ्रीजमध्ये उरलेलं पीठ होतं, वाटीभर सारण होतं, आणि बायको दातांच्या एका दवाखान्याची पाटी रंगवायला गेली होती.

तीन घड्या उत्तम झाल्या. चौथी तेलात फुटली, तेल उडालं आणि शेगडीपुढच्या फरशीवर सांडलं. मापाड्याने ते रद्दी कागदाने पुसलं. कागदाने पुसलं की तेल जात नाही, नुसतं पसरतं. हे जगात कुणाला ठाऊक असायला हवं होतं, तर ज्याने अर्धं आयुष्य तेलाची मापं तपासण्यात घालवलं त्याला. मग त्याने कढई घासली, खिडक्या उघडल्या आणि बाहेर येऊन पेपर वाचत बसला.

साडेपाचला बायको आली, चहा टाकायला आत गेली आणि पडली.

दवाखान्यात जाताना टॅक्सीत, मोडलेलं मनगट मांडीवर धरून तिने विचारलं होतं, "अहो, फरशीवर काही सांडलं होतं का?"

आणि मापाडी म्हणाला होता, "फरशी कोरडी होती."

हेच ते तीन शब्द. तेव्हा त्याला वाटलं होतं, आत्ता ही वेदनेत आहे, उगाच कशाला, उद्या सांगू. पण उद्यापर्यंत बायकोने हिशोब मांडून टाकला होता. फरशी कोरडी, चप्पल नवी, मग पडले कशी? तिची आई अशीच एकदा कोरड्या जमिनीवर पडली होती आणि नंतर अकरा वर्षं भिंत धरून चालली होती. "आलं माझंही," बायको म्हणाली. "तोल गेला माझा. घराण्यातच आहे." डॉक्टरांनाही तिने तेच सांगितलं. डॉक्टरांनी चक्करेच्या गोळ्या दिल्या. त्या घेऊन तिला गरगरायला लागलं, तेव्हा तर खात्रीच पटली. आता ती घरातही डाव्या हाताने भिंत धरून चालत होती. आणि ज्या बाईला स्वयंपाकघरात उभं राहता येत नाही तिने शिडीवर चढू नये, हे तिने कुणाला न विचारता ठरवलं होतं.

"फोडी बारीक करा," बायको म्हणाली. "अजून बारीक. हं. आता लोण्यावर टाका. साखर, दालचिनी. आणि पाणी पूर्ण आटेपर्यंत परता. सफरचंद लबाड असतं. वाटतं झालं, आणि आत पाणी तसंच."

मापाडी परतू लागला. लोण्यात साखर विरघळली, दालचिनीचा वास सुटला. त्याला तो वास गेले तीन आठवडे सहन होत नव्हता.

"मी काय म्हणतो," त्याने सुरुवात केली.

"गॅस बारीक."

त्याने गॅस बारीक केला. दुकानदारांकडून ऐकलेल्या सबबींची त्याच्याकडे कमतरता नव्हती, उलट एवढा मोठा साठा खात्याच्या गोदामातही नसेल. लक्षातच आलं नाही साहेब. आजच झालं साहेब, आयुष्यात पहिल्यांदा. नोकराने केलं साहेब. घरात आजारपण आहे साहेब. एकेक सबब त्याने मनातल्या तागडीत टाकून पाहिली. सगळ्या त्याने पूर्वी नाकारलेल्या, नाकारताना वर एक छोटंसं भाषणही दिलेलं.

"शिडी राहू दे की घरात," तो म्हणाला. "काय खायला मागतेय का?"

"दाराशी उभी राहून माझ्याकडे बघत बसते. त्यापेक्षा गेलेली बरी."

"अगं, पण हात बरा झाल्यावर..."

"हाताचं काय घेऊन बसलात? हात जुळतो. डॉक्टर म्हणाले, तीन आठवड्यांनी ब्रश धराल. पण वर गेल्यावर पाय लटपटले तर? माझ्यामागे खाली कोण उभं असतं? एखादा दुकानदार, तोंड वर करून अक्षरांची उंची सांगत. त्याच्या डोक्यावर पडू?" ती अर्धवट हसली. "मला आईसारखं सगळ्यांनी धरायला नको. मी आपणहून सोडलेलं बरं."

मापाड्याने सारण ताटलीत पसरलं आणि गार व्हायला खिडकीत ठेवलं. खिडकीशी जरुरीपेक्षा बराच वेळ उभा राहिला. समोरच्या घराची बाई चादर झटकत होती. तिने हात केला. त्यानेही केला. सत्याचा पुतळा.

मग तो पाऱ्या लाटायला बसला. पहिली नकाशासारखी झाली, दुसरी बरी, तिसरी गोल. बायको बघत होती. त्याने चमच्याने मधोमध सारण ठेवलं, अर्ध्या काठाला पाण्याचं बोट फिरवलं, पारी दुमडली, आतली हवा तळव्याने हलकेच बाहेर काढली आणि काट्याने काठ दाबले. घडी उलटी केली आणि मागूनही दाबले. मग कढईतल्या तेलात पिठाचा कण टाकला. तो तळाशी जाऊन बसला, तेव्हा थांबला. दुसरा कण लगेच वर आला, तेव्हा आच कमी केली आणि पहिली घडी काठावरून अलगद सोडली.

"अहो," बायको म्हणाली.

"काय?"

"मागूनही दाबायचं, हे मी सांगितलं नव्हतं अजून."

घडी तेलात फुगत होती. मापाड्याने झाऱ्याने तिच्यावर तेल उडवलं, जे करायलाही त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि पिठाचा कण? तुम्हाला साधा पापड भाजता येत नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली, मी तुम्हाला कढईला हात लावताना पाहिलं नाही." बायकोच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. बऱ्याच दिवसांनी ती अशी पुरती हसत होती. "गुपचूप तळून खाता होय? मी घरात नसताना? अहो, निरीक्षक! अर्धी-अर्धी म्हणून केविलवाणं तोंड करता आणि मागून... कधीपासून चाललंय हे?"

सुटका समोर उभी होती, हसत, खुर्चीत बसून. 'गेल्या वर्षापासून' म्हटलं असतं तरी चाललं असतं. बायकोने आठवडाभर चिडवलं असतं, काचवालीला सांगितलं असतं, आणि साडेनऊला शिडी टेम्पोत चढली असती. मापाड्याने घडी उलटवली. ती सगळीकडून सारखी तांबूस झाली होती.

"एकदाच," तो म्हणाला.

"एकदाच म्हणे! कधी?"

"त्या गुरुवारी."

बायकोचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्याला खबर पोचायला थोडा वेळ लागला.

"किती वाजता?"

"तीन."

तिने शेगडीकडे पाहिलं, शेगडीपुढच्या फरशीकडे पाहिलं, मग प्लास्टरकडे.

"सांडलं होतं," मापाडी म्हणाला. "कागदाने पुसलं मी. नीट पुसलं नाही. तू टॅक्सीत विचारलंस तेव्हा..."

"कोरडी होती म्हणालात."

"हो."

"मी तीन आठवडे गोळ्या घेतेय."

"हो."

"गोळ्यांनी मला गरगरतं. मला वाटलं, मी आईसारखी... रोज सकाळी उठताना आधी पलंगाची कड धरते मी. तुम्ही बघता. बाजूलाच असता."

मापाड्याकडे याला सबब नव्हती. एकोणतीस वर्षांत असं काही कुणी त्याच्यापुढे आणलंच नव्हतं. घडी कढईत काळी व्हायला लागली. त्याने ती काढली आणि गॅस बंद केला.

दारावरची बेल वाजली.

"उघडा," बायको म्हणाली. "आणि तिला तुम्हीच सांगा. मी एक शब्द बोलणार नाही."

काचवाली उत्साहात होती. "भाऊजी, काय वास सुटलाय! ताई कुठे? टेम्पो खाली उभा आहे, पाच मिनिटांत हलवते शिडी."

"शिडी जाणार नाही," मापाडी म्हणाला.

"का? ताईचं मन बदललं?"

"नाही. म्हणजे ती पडली नव्हती. पडली, पण तोल जाऊन नाही. मी तेल सांडलं होतं आणि तिला सांगितलं नव्हतं." हे वाक्य वाटलं त्यापेक्षा लहान निघालं. तीन आठवडे तो ते फार मोठं समजत होता.

काचवालीने त्याच्या मैद्याने भरलेल्या हातांकडे पाहिलं. "तुम्ही? भाऊजी, तुम्ही माझ्या सासऱ्यांच्या दुकानात पाव किलोचं वजन पाच ग्रॅम हलकं निघालं म्हणून..."

"आठवतं मला."

"रडले होते ते."

"तेही आठवतं."

बायको स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिचा डावा हात भिंतीवर होता. आपला हात तिथे आहे हे तिलाच एकदम दिसलं आणि तिने तो काढून घेतला. दोन पावलं टाकली. तिसऱ्याला हात आपोआप पुन्हा भिंतीकडे गेला.

"सवय लागली," ती कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाली.

मग भिंत सोडून ती मधल्या मोकळ्या जागेतून शिडीपर्यंत गेली. काचवालीने न सांगता शिडी उघडून खोलीत मध्यावर उभी केली. मापाडी धरायला पुढे झाला.

"हात लावू नका," बायको म्हणाली.

"अगं, प्लास्टर आहे..."

"ती धरेल. तुम्ही आत जा. ती उपाशी आलीय, तळायला घ्या."

मापाडी आत गेला. गॅस पेटवला, कढईत घडी सोडली आणि कान बाहेर ठेवले. पहिली पायरी करकरली. बराच वेळ काहीच नाही. मग दुसरी. "ताई, बास हं," काचवाली म्हणाली. तिसरी. चौथी. त्याला वाटलं, जाऊन निदान दारात उभं राहावं. पण त्याला बोलावलं नव्हतं, आणि आज बोलावल्याशिवाय कुठे उभं राहण्याचा हक्क त्याला उरला नव्हता. पाचवी पायरी करकरली.

"कसं वाटतंय ताई?"

"उंच," बायको म्हणाली. तिचा आवाज छताजवळून येत होता, थोडा कापरा, पण तिचाच. "उंचच वाटायला हवं ना. आधीही वाटायचंच की." मग ती म्हणाली, "अहो, इकडे या."

"काय गं?"

"इथे माळ्याच्या आतल्या बाजूला बिस्किटांचा डबा आहे. नवा कोरा. हा कधी ठेवलात?"

मापाड्याने डबा गेल्या सोमवारी स्टुलावर चढून, हात लांबवून ठेवला होता. शिडी जायची ठरली, तिथे आता कुणी बघणार नाही, हा विचार त्याच्या मनात आला होता आणि त्याने तो हाकलला नव्हता. गुरुवारपेक्षा हे वाईट होतं, कारण हे सांडलेलं नव्हतं, ठेवलेलं होतं. काही म्हणता आलं असतं. जुना असेल म्हणता आलं असतं.

त्याने गॅस बंद केला, हात पुसले आणि सांगायला बाहेर आला.