मोटरसायकलऐवजी मी

नव्या गाडीचे ब्रेक वेळेत लागले असते का?

हा प्रश्न अनंताने पोलिसाला विचारला, गॅरेजवाल्याला विचारला, घरातल्या वडीलधाऱ्या केसरीनाथ काकांना विचारला. एकदा घरात कोणी नसताना मलाही विचारला. मी तरी काय सांगणार? मी एक ॲम्प्लिफायर बोलतोय. गाण्याचा बारीक आवाज मोठा करून स्पीकरला द्यायचा, एवढंच माझं काम. पण प्रश्न माझाही आहे. कारण भिवंडीजवळच्या वळ गावातल्या त्या घरात मी मोटरसायकलच्या पैशात आलो.

सध्या मी बंद आहे. अनंताच्या खोलीत कपाटावर असतो, त्याच्या आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. दर रविवारी तो मला खाली काढतो, पुसतो, पुन्हा वर ठेवतो. माझं वाईट चाललेलं नाही. लोखंडाच्या पेटीला एवढी माया कमी नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका लहान कारखान्यात झाला. तिथे एका बाईने माझे भाग हाताने जोडले, चष्मा पुसून पुन्हा तपासले आणि मगच झाकण लावलं. मी जड आहे. अर्ध्या गोणी तांदळाइतका. माझी किंमत ऐकली की माणसं आधी माझ्याकडे बघतात आणि मग घेणाऱ्याकडे.

मला पहिल्यांदा घेतलं ते भिवंडीतल्या सुश्रुत डॉक्टरांनी. दातांचे डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर. त्यांनी माझ्यावर प्रेम केलं, पण ते प्रेम परीक्षा घेणाऱ्या मास्तरासारखं होतं. एकच गाणं लावायचे, अर्ध्यात थांबवायचे, मागची तार बदलायचे, पुन्हा तेच गाणं. पाहुणा आला तरी त्याला खुर्चीत बसवून विचारायचे, "फरक कळला?" पाहुणा चहाकडे बघत म्हणायचा, "हो, हो."

डॉक्टरांचे वडील तात्या गॅलरीत बसून रेडिओ ऐकायचे. एकदा ते म्हणाले, "सुश्रुत, सकाळपासून तारच ऐकतोयस. गाणं कधी ऐकणार?"

मनोज तिथे दाढ काढायला आला. वळजवळच्या एका गोदामात तो माल उचलायची फोर्कलिफ्ट चालवायचा. गाल सुजलेला, तोंडात भूल दिलेली. जिना उघडा होता आणि वर मी चालू होतो. भूल चढेपर्यंत तो कान देऊन बसला आणि जड जिभेने म्हणाला, "डॉक्टर, वर कोण गातंय?"

"रेकॉर्ड आहे."

"ती बाई ओळ संपली की दम घेते. तो ऐकू आला, म्हणून मना वाटलं कोन खरंच बसलंय."

डॉक्टर हातातला चिमटा ठेवून त्याला वर घेऊन आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी न विचारता फरक सांगितला होता. दोघं माझ्यासमोर बसले. शेवटी तात्या गॅलरीतून ओरडले, "अरे, भूल उतरेल! आधी त्याची दाढ काढ!"

सहा महिन्यांनी डॉक्टरांना माझ्याहून महाग ॲम्प्लिफायर मिळाला. मी आणि माझे दोन स्पीकर त्यांनी मनोजला अर्ध्याहून कमी किमतीत दिले. तरी तेवढ्यात नवी मोटरसायकल आली असती. मनोजने ते पैसे मोटरसायकलसाठीच ठेवले होते.

अनंता त्याचा धाकटा भाऊ. आठवीत शाळा सोडलेली, डोकं गरम, पाय त्याहून गरम. मला बघून तो दारातच उभा राहिला.

"दादा, तुझी गाडी लाथ मारल्याशिवाय चालू होत न्हाय. आनि तू ही पेटी आनलीस?"

"ऐक तरी."

"गाडी न्हाय तर न्हाय, निदान डीजेचा सेट आनायचा. चार लग्नं वाजवली असती. याच्यात हाय काय एवढं?"

मनोज हसला. "आईला गाऊ दे याच्यातून. मग सांग."

आता आईबद्दल सांगतो. ठकुबाई तिचं नाव. ती गावची धवलारीण. लग्नात हळद लावताना जे धवले गातात, ते गाणारी. पूर्वी तिच्याशिवाय पंचक्रोशीत हळद लागत नसे. मग डीजे आले. बायकांना कानाशी तोंड नेऊन बोलावं लागे, तिथे धवला कोण ऐकणार? कोणी बोलावलंच, तर पंढरी डीजेवाला तिच्या हातात माईक द्यायचा आणि तिचा आवाज असा फाडून काढायचा, की ती दोन ओळींत थांबायची. मनोजला हे लागत होतं. बहिणीच्या, माधवीच्या लग्नात आईचा धवला शब्दन्‌शब्द ऐकू यायला हवा, असं त्याने ठरवलं होतं. त्यासाठी मी आलो.

त्या घरात माझे दिवस फार चांगले गेले. मी चालू असलो की गरम होतो. थंडीत आई माझ्या डोक्यावर विरजणाचं भांडं ठेवायची. दही घट्ट लागायचं. डॉक्टरांनी पाहिलं असतं तर त्यांना चक्कर आली असती. शेजारची चंद्रा मावशी यायची आणि म्हणायची, "मनोजनं लगीन केलं म्हनायचं. पन बायको बोलत न्हाय, नुसती तापते!"

"मावशे, तुझ्यापेक्षा बरी," मनोज म्हणायचा.

एकदा अनंताने माझी परीक्षा घेतली. पंढरीकडून त्याने एक साधा ॲम्प्लिफायर आणला, माझ्या किमतीच्या दहाव्या हिश्शाचा. दोघांवर चादर टाकली. मनोजला पाठ फिरवून बसवलं आणि एकच गाणं तीनदा लावलं. "सांग, कनचा तुझा?"

मनोज तीनपैकी दोनदा चुकला.

अनंता घरभर नाचला. माधवी हसून खाली बसली. आई म्हणाली, "मना तर सगलीच सारखी वाटली." आणि मनोज? तोच सगळ्यांत जास्त हसला. त्याने दुसऱ्या दिवशी मला विकायला काढलं नाही, की अनंताशी वादही घातला नाही. मला राग यायला हवा होता. आला नाही. खरं सांगायचं तर त्या गाण्यात आम्हा दोघांत फारसा फरक नव्हताच. चांगला स्पीकर असला, खोली बरी असली, आवाज बेताचा ठेवला, तर स्वस्तातला भाऊही छान वाजतो. ज्याला गाणीच ऐकायची आहेत, त्याने माझ्यासाठी मोटरसायकल सोडू नये. हे मी, एक महागडा ॲम्प्लिफायर, सांगतोय.

पण रविवारी मनोज माझ्याशी माईकचा एक छोटा मिक्सर जोडायचा, आईसमोर माईक धरायचा आणि ती स्वयंपाक करता करता गायची. मोठ्याने नाही. आपल्याशीच गावं तशी. ते मी बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवायचो. भाकरी थापल्याचा आवाजसुद्धा. अनंता दारात बसायचा. तो कधी म्हणाला नाही की आवडलं. पण रविवारी तो कुठे जायचाही नाही.

माधवीचं लग्न ठरलं. चार महिन्यांनी मांडव. आणि एका सकाळी मनोज रात्रपाळी संपवून घरी आला नाही. मानकोलीच्या नाक्यावर समोरून चुकीच्या बाजूने कंटेनर आला होता. मनोजने ब्रेक दाबला होता. जुन्या गाडीचा.

याहून जास्त मला सांगता येत नाही.

अनंताने सात दिवस काही खाल्लं नाही म्हणतात. मला ते माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे, की आठव्या दिवशी दुपारी त्याने माझ्या तारा उपटल्या, मला पोटाशी धरलं आणि रिक्षात टाकलं. "कशेळीचा पूल," तो म्हणाला. त्याला मला खाडीत टाकायचं होतं.

पुलावर नेहमीसारखी गाड्यांची रांग होती. रिक्षा अर्धा तास हातभरही पुढे सरकली नाही. रिक्षावाला मागे वळला.

"ये क्या है भाई? सुबह से पहली सवारी मिली, वो भी मुंह फुला के बैठी है।"

"फेकना है इसको. खाडी में."

"खराब है?"

"नहीं."

"चालू चीज कौन फेकता है? कितने का है?"

अनंताने सांगितलं. रिक्षावाला हसायलाच लागला. "इतने में तो मेरे गाँव में दो भैंस आ जाए! और ये बजाता क्या है इतने में?"

पुढची गाडी सरकली, मागून हॉर्न वाजले, तरी रिक्षावाला वाट बघत राहिला. मग अनंता म्हणाला, "मेरी माँ का आवाज. एकदम वैसा का वैसा."

"तो माँ से पूछ के फेक ना," असं म्हणून त्याने पुलाच्या टोकाला रिक्षा वळवली. भाडं एकाच बाजूचं घेतलं.

आईने मला परत आलेलं पाहिलं. माझ्यावर फडकं फिरवलं. पण तिने गाणं सोडलं होतं.

केसरीनाथ काकांनी सांगितलं की घरात कोणी गेलं तर लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल. तारीख तीच ठेवली. धवल्याचं विचारल्यावर आई म्हणाली, "जिचा पोरगा गेला, ती हलदीत बसून गानार? पोरीला काय लागेल, ते कोन निस्तरल? दुसरी बाई बोलवा."

माधवी भांडी घासत होती. तिथूनच म्हणाली, "दुसरी बाई आली तर मी हलदच लावून घेनार न्हाय. अशीच उभी राहीन नवऱ्यासमोर."

"गप बस, येडे!"

"दादानं कुनासाठी घेतली ती पेटी?"

त्यानंतर आठ दिवस मायलेकी एकमेकींशी बोलल्या नाहीत. लग्नघर असून घरात फक्त भांड्यांचा आवाज. अनंता दोघींच्या मधे ताटं नेत होता, आणत होता. मांडवाच्या आदल्या दिवशी तो मिक्सर आणि माईक घेऊन चुलीपाशी जाऊन बसला.

"आई, तू मांडवात येऊच नको. हितंच बस. भाकऱ्या कर. तोंड कोनाला दिसनार न्हाय. आवाज मी नेतो बाहेर."

"आनि रडायला आलं तर?"

"तर थांब."

आईने माईक उचलून बाजूला ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव भरला आणि वीज गेली. पंढरीने आपला जनरेटर चालू केला. मी मधल्या दारात होतो, स्पीकर मांडवात. मला जोडताना पंढरी अनंताला म्हणाला, "बाबा, याच्यावर लावू नको. करंट वरखाली होतोय. माझे डबे सोसतील, तुझा हा राजा जलून जाईल."

"जलू दे."

"अरे, किंमत काय त्याची!"

"पंढरी, तुझा डीजे बंद कर आनि बाजूला हो."

माधवीला पाटावर बसवलं. आत चुलीपाशी आईने पहिली ओळ घेतली. आवाज आधी दबका होता, मग सुटला. मी तो जसा आला तसा बाहेर नेला. मोठा केला, पण ओरडायला लावला नाही. मांडवात बोलणं थांबलं. चंद्रा मावशीने डोक्यावरचा पदर सारखा केला. मागे बसलेली गोदामातली पोरं मोबाईल खाली ठेवून ऐकू लागली. माधवी मान खाली घालून बसली होती, आणि तिच्या गालावर हळद लागत होती.

ठकुबाईच्या धवल्यात नवरीच्या भावांना नावाने हाक मारतात. मोठ्या भावाला आधी. हाक आली की त्याने उठून यायचं आणि बहिणीच्या पायाला हळद लावायची. आई त्या ओळीपाशी आली. मांडवातल्या सगळ्यांना पुढे काय येणार ते माहीत होतं.

जनरेटर खोकला. दिवे मंद झाले, मग एकदम लख्ख झाले. माझ्या पोटात काहीतरी तापून वास येऊ लागला. पंढरी धावत आला, त्याने बटणाकडे हात नेला. अनंताने त्याचं मनगट धरलं.

आईने हाक मारली, "मनोज."

आणि ती थांबली. एखाद्या माणसाला मागच्या ओळीतून उठून, चपला काढून, पाटापर्यंत यायला जेवढा वेळ लागतो, तेवढी थांबली. मांडवात कोणी हललं नाही. माईक उघडा होता, मी उघडा होतो, पण माझ्यातून एक कणही आवाज गेला नाही. घरघर नाही, गुणगुण नाही. माझ्या आत तारा वितळत होत्या आणि मी तो रिकामा वेळ तसाच्या तसा, स्वच्छ, मांडवावर धरून ठेवला. त्यात मनोज आला असला तर त्याच्या पायाखाली कसलाही आवाज आड येऊ दिला नाही.

मग आईने दम घेतला आणि दुसरी हाक मारली, "अनंता."

अनंताने पंढरीचं मनगट सोडलं आणि तो पाटाकडे धावला. त्याचं नाव मी शेवटच्या अक्षरापर्यंत मांडवात पोचवलं.