रोहिणीने सोडलेली जागा

मी स्वतः एमबीए आहे. बाविसाव्या वर्षी केलं, कारण बरोबरच्या मैत्रिणींनी फॉर्म भरले होते. त्या दोन वर्षांत काय शिकलीस, असं कोणी विचारलं तर मला अजूनही अवघडल्यासारखं होतं. म्हणूनच रोहिणीबद्दल सांगावंसं वाटतं.

अंबडच्या एमआयडीसीत आमचा इलेक्ट्रिकल पॅनल बनवायचा कारखाना आहे. मी खरेदी विभागात, रोहिणी डिझाइनमध्ये. ती घोटीची. वडील कोंडाजी तिथे पोस्टमन, आई सुलाबाई अंगणवाडीत. रोहिणी पवननगरला खोली घेऊन राहायची, डबा माझ्याबरोबर खायची आणि मला निकिताताई म्हणायची. नोकरीला दोन वर्षं झाली तेव्हा तिने एमबीएची प्रवेश परीक्षा दिली आणि दक्षिणेतल्या एका फार मोठ्या संस्थेत तिची निवड झाली. कंपनीत पेढे मीच वाटले. घोटीत कोंडाजींनी टपाल देता देता घरोघरी बातमी पोचवली.

तिसऱ्याच दिवशी जेवताना ती म्हणाली, “ताई, या वर्षी जाऊ नये असं वाटतंय मला.”

माझा घास हातातच राहिला.

मुलाखतीत एका प्राध्यापक बाईंनी तिला विचारलं होतं, “तुमच्या कंपनीचा माल वेळेवर पोचतो का?” रोहिणीने खरं सांगितलं, की बहुतेक वेळा आठवडाभर उशीर होतो. का होतो, याची तिने पुस्तकातली चार कारणं दिली. बाई हसल्या. “ही कारणं मी शिकवते. तुम्ही स्वतः डिस्पॅचमध्ये जाऊन पाहिलंत का कधी?”

डिस्पॅच रोहिणीच्या टेबलापासून दोनशे पावलांवर. दोन वर्षांत ती एकदाही तिकडे फिरकली नव्हती.

“अगं, तरी घेतलं ना त्यांनी तुला?” मी म्हणाले.

“घेतलं. पण तिथे जाऊन मी पुन्हा तीच कारणं पाठ करणार. शिकवणाऱ्यांना विचारायला माझ्याजवळ काहीतरी हवं ना?”

तिने संस्थेला पत्र लिहून एक वर्षाची मुदत मागितली. उत्तर सभ्य होतं, पण सरळ होतं: यायचं तर याच वर्षी, नाहीतर पुन्हा परीक्षा. मी म्हटलं, वेडेपणा करू नकोस. रविवारी कोंडाजी नाशिकला आले. रोहिणीने मलाही बोलावलं होतं, बहुधा आधाराला.

“बाबासाहेब कुठल्या कुठं अमेरिकेला गेले शिकायला,” ते म्हणाले, “अन तू हातातली जागा सोडतेस?”

“पप्पा, त्यांनाही लंडनचं शिक्षण अर्ध्यावर सोडून यावं लागलं होतं. पुन्हा जाऊन पूर्ण केलंच ना?”

“त्यांची शिष्यवृत्ती संपली होती. तुझं काय संपलंय?”

तिने मान खाली घातली, पण विचार बदलला नाही. कोंडाजी चहा न घेता उठले. त्यानंतर चार महिने ते तिच्याशी कामापुरतंच बोलत.

रोहिणीने बदली मागून घेतली. डिस्पॅचचे प्रमुख खंडेराव तीस वर्षं त्याच शेडमध्ये काढलेले. “डिझाइनच्या मॅडम हवापालट करायला आल्यात,” असं ते तिच्यासमोरच म्हणायचे. ती ऐकून घ्यायची आणि दिवसभर शेडमध्ये उभी राहायची. कुठला पॅनल कधी आला, किती दिवस पडून राहिला, कशासाठी थांबला, एवढंच पाहायची.

पॅनल थांबायचे ते पाठवताना लागणाऱ्या लाकडी पेटीसाठी. पॅनल तयार झाला की बहिरू सुतार येऊन माप घ्यायचा, मग लाकूड मागवायचं, मग पेटी व्हायची. चार-पाच दिवस त्यातच जायचे.

“ताई,” ती मला म्हणाली, तेव्हा तिचा चेहरा उतरला होता, “ती मापं महिनाभर आधी माझ्याच कॉम्प्युटरवर असायची. बहिरूदादांना द्यावीत, हे मला कधी सुचलंच नाही.”

तिने बहिरूसाठी साधं चित्र काढलं: लांबी, रुंदी, उंची, सगळं मराठीत. पहिली पेटी फसली. पॅनलच्या डोक्यावरचे उचलायचे हूक ती मापात धरायला विसरली होती, त्यामुळे झाकण बसेना. सगळी शेड हसली. रोहिणीने सगळ्यांसमोर बहिरूची माफी मागितली आणि दुसरं चित्र काढताना त्यालाच शेजारी बसवलं. दिवाळीपर्यंत आठवड्याचा उशीर दोन दिवसांवर आला. खंडेराव तिला ‘मॅडम’ऐवजी ‘रोहिणी’ म्हणू लागले. त्यांच्या तोंडी ती मोठी बढती होती.

पुढच्या वर्षी तिने पुन्हा परीक्षा दिली. दिवसभर उभं राहून आल्यावर अभ्यास कितीसा होणार? गुण घसरले. मोठ्या संस्थेने या वेळी बोलावलंही नाही. दोन जागा मिळत होत्या. एक नाशिकमध्येच, नोकरी सांभाळून संध्याकाळी. दुसरी पुण्यात. नाव बेताचं, पण तिथे चार महिने वेगवेगळ्या कारखान्यांत काढायला लावतात.

त्याच सुमारास कोंडाजी तिला घरी न्यायला कारखान्यात आले. ती येईपर्यंत खंडेरावांनी त्यांना शेड दाखवली, पेट्या दाखवल्या, सगळी हकिगत सांगितली. कोंडाजींनी एका पेटीवर हात ठेवून नीट ऐकलं.

“टपालाचं बी असंच हाय,” ते म्हणाले. “पत्र वाटेत नाय अडकत. निघायच्या आधीच पिशवीत अडकतं.”

रोहिणी आली तेव्हा त्यांनी तिला विचारलं, “मग आता कुठं जायचं म्हणतेस?” रागावून नाही, खरंच माहीत करून घ्यायला.

“पुण्याला, पप्पा. नाशिकला राहिले तर हीच शेड पाहत राहीन. आता दुसऱ्यांच्या पाहायच्यात.”

“लय विचार केलेला दिसतोय,” ते म्हणाले आणि तिची बॅग स्वतः उचलली.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात सुट्टीत आली तेव्हा मी तिला स्पष्टच विचारलं, “ती मोठी जागा सोडल्याचं वाईट वाटतं का गं?”

“वाटतं कधीकधी,” ती म्हणाली. “तिथल्या नावाला सगळी दारं उघडतात. मला प्रत्येक दार ठोठावावं लागतं.” मग ती चाकणच्या एका कारखान्यातल्या रंगकामाबद्दल सांगू लागली. तिथे माल का तुंबतो, ते तिने जवळजवळ शोधून काढलं होतं. मी मध्येच दोन शंका काढल्या. दोन्हींची उत्तरं तिला ठाऊक नव्हती. “थांबा हं ताई,” म्हणत तिने मोबाइल काढला आणि माझ्या शंका जशाच्या तशा लिहून घेतल्या.