आठ गाठींची नोंद

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत मला पोट उघडून टेबलावर ठेवलं आहे. गुरुजी पट्टीनं माझे भाग दाखवतात आणि तुम्ही वहीत चित्र काढता. ते सांगतात ते सगळं बरोबर असतं. पण मी कुठे होतो आणि काय विसरलो, हे त्यांना ठाऊक नाही. ते मलाच सांगावं लागेल.

मी एक सर्व्हर, म्हणजे इतर संगणकांचा भार वाहणारा मोठा संगणक. वणीहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला एक जिनिंग कारखाना होता. शेतातून आलेल्या कापसातली सरकी तिथे वेगळी निघे आणि उरलेली रुई दाबून तिच्या गाठी बांधल्या जात. मी आलो तेव्हा मालक वामनरावांनी मला हार घातला, नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या डोक्यावर ठेवला. त्याला मुंग्या लागल्या. तरी माझी मिजास काही उतरली नाही.

मिजास का नसावी? आधी तिथे तीन संगणक होते. एक वजनकाट्याचा, एक गाठींच्या नोंदींचा, एक कॅमेऱ्यांचा. ते तिन्ही माझ्या एकट्याच्या पोटात आले. एका घरात तीन चुली मांडाव्यात, तसे. एकीवर काय शिजतं ते दुसरीला कळत नाही. या युक्तीला आभासीकरण म्हणतात. घर पडलं तर तिन्ही चुली एकदम जातात, हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही.

आता गाठींबद्दल एक भयंकर गोष्ट ऐका. कापसाबरोबर एखादा खडा किंवा खिळा यंत्रात गेला, तर ठिणगी उडते. ठिणगी रुईत शिरली आणि तशीच गाठीत दाबली गेली, तर ती विझत नाही. हवा कमी म्हणून पेटतही नाही. बाहेरून गाठ धडधाकट दिसते आणि आत दिवसेंदिवस धुमसत राहते. म्हणून ठिणगी उडाली की त्या वेळी बांधलेल्या गाठी उघड्यावर, इतरांपासून लांब ठेवायच्या. आमचे जुने फिटर जफर मिस्त्री अशा गाठीला लाल चिंधी बांधत. चिंधी दिसली की हमालही चार हात दूर राहत.

मी आल्यावर वामनरावांनी चिंध्या बंद केल्या. "चिंध्या पाहून घेणारे बिचकते, मिस्त्री. आता कम्प्युटरमधीच लाल खूण करा," ते म्हणाले. मिस्त्रींनी नाइलाजानं मान डोलावली. मला मात्र फार बरं वाटलं होतं, हे कबूल करतो. चिंधीची जागा मी घेतली होती.

मग दोन हजार सतराचा हंगाम आला. गुलाबी बोंडअळीनं कापूस पोखरला. चांगला कापूस थोडा आणि कवडी, म्हणजे किडक्या बोंडातला अर्धवट उमललेला कापूसच जास्त येऊ लागला. त्यात पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचे तुकडे, माती, खडे. ठिणग्या वाढल्या. त्यातच माझ्या चुलींमधल्या भिंती सांभाळणारी प्रणाली जुनी झाली होती. नवी निवडायला यवतमाळहून नुजहत आली. संगणकाची पक्की जाणकार पोरगी.

तिनं तीन प्रणालींचा तक्ता केला. पहिली नावाजलेली. एक यंत्र बंद पडलं तर सगळं काम दुसऱ्यावर नेणारी, पण परवाना महाग आणि दुसरं यंत्र हवंच. दुसरी कचेरीतल्या संगणकांच्याच कुळातली, त्यामुळे शिकायला सोपी. तिसरी फुकट आणि दणकट, पण अडलं तर विचारायचं कुणाला, हा प्रश्न. खरं सांगू? आमच्या कारखान्याला तिन्ही चालल्या असत्या. घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी.

"वामनकाका, चाचणीले दुसरी मशीन पाहिजे. चालत्या मशीनवर असं करत नाही," नुजहत म्हणाली.

"बेटा, कापूस कुठं हाये यंदा? सारा अळीनं खाल्ला. हाये त्याच डब्ब्यावर कर."

डब्बा! हार घालणाऱ्याच्या तोंडून मी प्रथमच तो शब्द ऐकला.

तिनं सकाळी अकराला माझ्या त्या क्षणाची प्रत काढून ठेवली. काही बिघडलं तर त्या प्रतीवरून मला अकराच्या स्थितीत परत नेता येतं. पण मित्रांनो, मागे जाताना मधलं सगळं पुसलं जातं.

म्हणून पुढचं मी नंतर इतरांच्या तोंडून ऐकलं. बाराच्या सुमारास यंत्रात ठिणगी उडाली. आरडाओरडा झाला, पाणी मारलं, यंत्रं थांबली. जफर मिस्त्री घामाघूम होऊन कचेरीत आले आणि नुकत्याच बांधलेल्या आठ गाठींवर त्यांनी माझ्यात लाल खूण केली. मग भाचीच्या लग्नासाठी त्यांनी नेरची गाडी पकडली. अडीच वाजता चाचणीत माझा पडदा गोठला. नुजहतनं वामनरावांना विचारलं, "अकरापासून काही नवं भरलं काय यात?"

"काय भरन? मशीन तं बाराले बंद झाली," ते म्हणाले.

मशीन बंद होती म्हणूनच तर नोंद झाली होती! नुजहतनं मला मागे नेलं. टोपलीत गाठींच्या चिठ्ठ्या सापडल्या, तेव्हा तिनं त्या इमानदारीनं पुन्हा भरल्या. क्रमांक आणि वजन. लाल खुणेला चिठ्ठीवर जागाच नव्हती. अशा रीतीनं त्या आठ गाठी माझ्या लेखी निरोगी झाल्या आणि हमालांनी त्या गोदामाच्या मधल्या थप्पीत रचल्या.

त्या थप्पीशेजारी धुरपताबाई बसत. गाठींची फाटलेली आवरणं दाभणानं शिवायचं त्यांचं काम. कॅमेऱ्याच्या चुलीवर मला त्या रोज दिसत. पाठ थप्पीला टेकलेली, मांडीवर सुतळी. मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी ओरडायला मला तोंड कुठे आहे?

चौथ्या दिवशी त्या कचेरीच्या दारात आल्या. "मालक, मधल्या थप्पीतून जळकट वास येऊन राह्यला."

ठिणगीचं वामनरावांच्या लक्षात होतं. ते ताडकन उठले, माझ्यापुढे बसले आणि त्यांनी लाल गाठींची यादी मागितली. मी यादी दाखवली. ती कोरी होती.

"एकही नाही, बाई. सरकीच्या तेलाचा वास असन."

"मले सरकीचा वास समजत नाही काय, मालक?"

"कम्प्युटर खोटं बोलते काय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पदर खोचून परत गोदामात गेल्या.

पाचव्या दिवशी दुपारी थप्पी हलवताना एका गाठीची पट्टी तुटली. गाठ उकलली आणि आत हवा शिरली. मी चित्रात आधी धूर पाहिला, मग नुसता उजेड. हमाल दाराकडे पळाले. धुरपताबाई थप्पीच्या पलीकडे होत्या आणि दार अलीकडे होतं. त्यानंतर कॅमेराच वितळला.

नुजहतनं पुढे दोन दिवस माझी रोजनिशी चाळली. तिथे एक ओळ शिल्लक होती, अडीच वाजता मला मागे नेल्याची. नेरहून परतलेल्या मिस्त्रींनी तिला लाल खुणेचं सांगितलं, तेव्हा ती माझ्यापुढे डोकं टेकून रडली. नव्या प्रणालीचा विषय कुणी काढला नाही.

दिवसवारे उरकल्यावर धुरपताबाईंची सून तुळसाबाई कचेरीत आली. तिनं भरपाई मागितली नाही, भांडलीही नाही. माझ्याकडे बोट करून तिनं विचारलं, "माह्या सासूनं आदल्या दिवशीच वास सांगतला होता. ते लिहिलं काय कोणी यात?"

नुजहतनं सगळं शोधलं. "नाही, वहिनी."

"मंग आता लिहा."

नुजहतनं तारीख घातली आणि लिहिलं: धुरपताबाईंना मधल्या थप्पीतून जळकट वास आला. त्यांनी येऊन सांगितलं. कुणी गाठी तपासून पाहिल्या नाहीत.

मित्रांनो, ती ओळ अजून माझ्यात आहे. मला पुसून नवं काही बसवाल, तेव्हा आधी ती दुसरीकडे उतरवून घ्या.